नारू गेला, बारव राहिली

मराठीत ‘नारू’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. जुन्या गावगाड्याविषयीचे पुस्तक उघडले की ‘कारू-नारू’ अशी जोडी भेटते. कारू म्हणजे बलुतेदार आणि नारू म्हणजे अलुतेदार. दुसरा नारू पायातून निघायचा. आज कॉलेजातल्या मुलांना विचारून पाहा. पहिला अर्थ इतिहासाच्या दोन-चार विद्यार्थ्यांना सांगता येईल, दुसरा बहुधा कुणालाच येणार नाही. भाषेतून एखादा शब्द गेला की माझ्यासारख्या कविता करणाऱ्याला हळहळ वाटते. हा शब्द गेला याचा मात्र मला आनंद आहे, आणि तो कसा गेला हेच आज सांगायचे आहे.

नारू हा एक जंत. मादी शेवईएवढी जाड आणि हातभर, कधी दोन हातांपर्यंत लांब. ती माणसाच्या कातडीखाली वाढते आणि पूर्ण वाढ झाली की खाली सरकते, बहुतेक वेळा घोट्याकडे किंवा पावलाकडे. तिथे फोड येतो आणि निखारा ठेवल्यासारखी आग होते. आग होते म्हणून माणूस पाय पाण्यात घालतो आणि जंताला नेमके तेच हवे असते. पाणी लागले की फोड फुटतो, मादीचे तोंड बाहेर येते आणि तिच्या पोटातली लाखो पिल्ले पाण्यात सुटतात. पाण्यात सायक्लॉप्स नावाचे एकडोळे जीव असतात, पिसवेएवढे. ते ही पिल्ले गिळतात. दहा-पंधरा दिवसांत पिल्लू त्यांच्या पोटात तयार होते. मग कुणीतरी घागर बुडवते, कुणीतरी पेलाभर पाणी पिते. जठरातल्या आम्लाने सायक्लॉप्स मरतो आणि त्याच्या पोटातले पिल्लू सुटून आतड्याच्या भिंतीतून पलीकडे जाते. नर पुढे मरून जातात, मादी वाढत राहते.

याला साधारण एक वर्ष लागते. या उन्हाळ्यात प्यालेले पाणी पुढच्या उन्हाळ्यात पायातून बाहेर पडते. पटकीचे तसे नाही. तिथे आज पाणी प्याले, उद्या-परवा माणूस अंथरुणाला खिळला, त्यामुळे संशय पाण्यावर जायला वाव असतो. पण वर्षापूर्वी कोणत्या वाटेवर, कोणत्या विहिरीचे पाणी ओंजळीने प्यालो होतो, हे कुणाच्या लक्षात राहणार? शेकडो वर्षे हा रोग डोळ्यांसमोर होता आणि त्याचे कारण मात्र डोळ्यांआड राहिले, ते या एका वर्षामुळे.

लोकांनी त्याला नावे कशी दिली, ते पाहण्यासारखे आहे. आयुर्वेदाच्या उत्तरकालीन ग्रंथांत तो ‘स्नायुक’ आहे. स्नायूचे प्राकृत रूप ‘ण्हारु’, त्यातूनच आपला नारू आला. अरबी वैद्य त्याला ‘इर्क मदनी’ म्हणत, म्हणजे मदिनेची शीर. मदिनेत तो फार आढळे म्हणून. आजच्या शास्त्रीय नावातही मदिना आहे, ‘ड्रॅक्युन्क्युलस मेडिनेन्सिस’. काशीकडच्या पंडिताला जो स्नायू वाटला, तो बगदादच्या हकिमाला शीर वाटला. दोघांची गाठ कधी पडली नसेल, पण चूक एकच केली. शरीरातून निघणारी वस्तू शरीराचीच असणार, असे दोघांनी धरले. फारसी बोलणाऱ्यांनी मात्र तसला काही तर्क न लढवता नुसते दिसेल ते सांगितले. ते त्याला ‘रिश्ता’ म्हणाले. फारसीत रिश्ता म्हणजे धागा. उर्दूत येईपर्यंत त्या धाग्याचे नाते झाले. पाण्याचे आणि माणसाचे इतके जिवावर उठणारे नाते दुसरे दाखवता येणार नाही, पण हा मोह इथेच आवरतो.

रिश्ता हे नाव बुखाऱ्यात चाले. इब्न सिना जन्मला तो याच बुखाऱ्याजवळ, सन ९८० मध्ये. त्याच्या ‘कानून’ या ग्रंथात या रोगाचे वर्णन आहे. जंताचे तोंड शिशाच्या तुकड्याला गुंडाळावे आणि त्याच्या वजनाने तो हळूहळू ओढला जाऊ द्यावा, तुटू देऊ नये, असा उपायही आहे. आपल्याकडे शिशाच्या जागी काडी असे, एवढाच फरक. तंत्र मात्र तेच, रोज बोट-दोन बोटे गुंडाळायचे. तुटला तर आत राहिलेल्या भागाने पाय पिकतो.

१५५८ साली अँथनी जेन्किन्सन नावाचा इंग्रज व्यापारी बुखाऱ्यात पोचला. तिथले पाणी पिणाऱ्यांच्या पायात हातभर किडा होतो आणि तिथले जर्राह तो मोठ्या कौशल्याने गुंडाळून काढतात, असे त्याने लिहून ठेवले. म्हणजे पाण्याचा संबंध बुखाऱ्याच्या रहिवाशांनाही ठाऊक होता. तरी ते तेच पाणी पीत होते. याला अडाणीपणा म्हणणे सोपे आहे. दुसरे पाणी होते कुठे?

बुखारा वाळवंटाच्या कडेचे शहर. कालव्याने पाणी यायचे आणि ते शहरातल्या ऐंशी-शंभर दगडी हौदांत साठायचे. हौदाला चारी बाजूंनी पायऱ्या, काठावर तुतीची झाडे, शेजारी मशीद. पखाली घेऊन भिश्ती पायऱ्या उतरून थेट पाण्यात पाय घालत. आता इथे आमच्या धर्मशास्त्रातला एक नियम सांगतो. हनफी फिकहमध्ये ‘दह-दर-दह’ असा शब्द आहे. दहा हात लांब आणि दहा हात रुंद असा हौद असेल, तर त्यातले पाणी ‘पुष्कळ’ मानायचे. त्यात काही घाण पडली, तरी रंग, चव किंवा वास बदलेपर्यंत ते नापाक होत नाही. वजूसाठी हा नियम चांगलाच आहे. कोरड्या मुलखात माणसाची अडचण ओळखून केलेला आहे. पण सायक्लॉप्स पाण्याचा रंग बदलत नाही, चव बदलत नाही, वासही नाही. बुखाऱ्याचे हौद पाक होते आणि त्यांतूनच घराघरात रिश्ता जात होता. पाक असणे ही एक गोष्ट आणि पिण्याजोगे असणे ही दुसरी.

उलगडा झाला तो याच परिसरात. अलेक्सेई फेदचेन्को हा तरुण रशियन निसर्गशास्त्रज्ञ तुर्कस्तानच्या मोहिमेवर होता. जर्मनीतल्या लॉइकार्ट या जंततज्ज्ञाने त्याला सायक्लॉप्सकडे पाहण्याची सूचना केली होती. १८७० मध्ये समरकंदला फेदचेन्कोने सूक्ष्मदर्शकाखाली नारूची पिल्ले सायक्लॉप्सच्या शरीरात शिरलेली पाहिली. पिल्लू परजीवी आणि त्याला राहायला आणखी एक परका जीव लागतो, ही कल्पना तेव्हा नवी होती. तीन वर्षांनी, वयाच्या २९व्या वर्षी, हा माणूस आल्प्समध्ये माँ ब्लांच्या हिमनदीवर मरण पावला. पुढचा दुवा रॉबर्ट लीपर या ब्रिटिश संशोधकाने जोडला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, त्याने काम केले. जठरातल्याइतक्या सौम्य आम्लात सायक्लॉप्स मरतो पण पिल्लू उलट चपळ होते, हे त्याने दाखवले. मग केळ्यातून असे सायक्लॉप्स माकडाला खाऊ घातले, आणि सहा महिन्यांनी त्या माकडाच्या शरीरात नारू सापडले.

या साखळीत मुंबईही आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबई बेटावर नारू मुबलक होता. १८५०च्या दशकात एच. जे. कार्टर नावाचे इंग्रज डॉक्टर मुंबईत तळ्यांतले सूक्ष्म जीव तपासत बसले होते. तळ्यात उतरणाऱ्या शाळकरी मुलांना नारू होतो, हे त्यांनी हेरले आणि पाण्यातले बारीक किडे कातडीतून आत शिरत असावेत असा तर्क केला. तर्क चुकला, कारण किडा तोंडावाटे जातो. पण बोट पाण्याकडेच होते. पुढे म्हैसूर संस्थानात चितळदुर्ग भागात व्ही. एन. मूर्ती यांनी १९३०च्या दशकात नारूच्या जीवनक्रमाचा बारकाईने अभ्यास केला. सायक्लॉप्स खाणारे मासे पायऱ्यांच्या विहिरींत सोडून पाहिले. आपल्याकडच्या संशोधकांची ही नावे शालेय पुस्तकांत कधी आली नाहीत.

बुखाऱ्यात क्रांतीनंतर लिओनिद इसायेव्ह नावाच्या डॉक्टरने १९२०च्या दशकात हौदांवर मोहीम काढली. हौद उपसले, साफ केले, पुष्कळसे बुजवले, नळ आणले, रोगी शोधून काढले. दहाएक वर्षांत रिश्ता संपला. लस नव्हती, औषध नव्हते. आजही नाही.

म्हणजे १९३०च्या सुमारास काय करायचे ते जगाला कळलेले होते. भारतात तो संपायला १९९६ उजाडले. मधली पासष्ट वर्षे मला सतावतात.

मी मराठवाड्यातल्या एका गावात वाढलो. आमच्या गल्लीतल्या एका चाचांना दर एक-दोन वर्षांनी नारू निघे. नारू एकदा झाला म्हणून पुढे होत नाही असे नसते, शरीर त्याच्याविरुद्ध काही शिकत नाही. चाचा शेतमजूर होते. उन्हाळ्यात पाणी तळाला जाते, सायक्लॉप्स थोड्या पाण्यात दाटतात, वर्षाने पुन्हा उन्हाळा सरताना जंत बाहेर पडतो. म्हणजे पेरणीची घाई आणि नारूचा फोड एकाच वेळी. चाचा ओट्यावर पाय पसरून बसलेले, घोट्याला काडी, काडीवर ओला चिंधा. कुणी बिब्बा लावायला सांगे, कुणी डाग द्यायला. एका साली काडी निसटून जंत तुटला आणि ते दिवाळीपर्यंत उठले नाहीत. त्या वर्षी त्यांच्या घरातून दोन मुले मोंढ्यात हमालीला गेली. मालीतले डोगोन लोक या रोगाला रिकाम्या कणगीचा रोग म्हणतात, हे मी पुढे वाचले, तेव्हा मला तो ओटा आठवला. नारूने माणूस सहसा मरत नाही, म्हणून तो मृत्यूच्या आकड्यांत दिसत नाही. सरकारदरबारी उशीर होण्याचे हे एक कारण असावे असे माझे मत आहे.

दुसरे कारण आपल्या बारवा. बारव ही देखणी वास्तू, यात शंका नाही. पण तिची रचनाच अशी की पाण्याला पाय लागलाच पाहिजे. आडावर तुम्ही वर उभे असता आणि पोहरा खाली जातो. बारवेत तुम्ही स्वतःच खाली जाता. पाणी जसजसे उतरते तसतशा पायऱ्या उघड्या पडत जातात आणि घागर बुडवायला घोटाभर पाण्यात उभे राहावे लागते. ज्या बाईच्या घोट्याला फोड आहे, तीही तशीच उभी राहते, कारण पाणी भरायला दुसरे कोण जाणार?

आणि बारवेत कुणी उतरायचे, यावर तर आपण वेगळाच पहारा बसवला होता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर त्या तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. १०८ घागरी पंचगव्य आणि मंत्र. पाण्यात शेण-गोमूत्र ओतून ते शुद्ध झाले असे शिकल्या-सवरल्यांना वाटले. बुखाऱ्याचा पाक हौद आणि महाडचे शुद्ध तळे मी मुद्दाम शेजारी ठेवतो. ज्यांना बारवेवर मज्जाव होता, त्यांच्या वाट्याला ओढ्यातला डबरा किंवा वरून ओतलेले बारवेचेच पाणी येई. पहारा माणसांवर होता. सायक्लॉप्सला कुणी अडवले नाही.

गावाकडे बदल आला तो हापशाने. त्याचीही गोष्ट महाराष्ट्रातलीच आहे. १९६०च्या दशकात गावोगावी बोअर घेऊन ओतीव लोखंडाचे हातपंप बसवले जात होते. ते एका कुटुंबापुरते बनवलेले. त्यावर सारे गाव तुटून पडले की महिन्या-दोन महिन्यांत निकामी होत. जालन्याच्या आणि सोलापूरच्या मिशनच्या लोकांनी यावर खटपट केली. सोलापुरात ऑस्कर कार्लसन नावाच्या स्वीडिश मेकॅनिकने पोलादी, एका खिळीवर फिरणारा दणकट पंप तयार केला. १९७२च्या दुष्काळाने मजबूत हापशाची गरज सगळ्यांना पटवली. मग युनिसेफ आणि सरकार यांनी या सोलापूर पंपावरून नवा पंप घडवला, तो ‘इंडिया मार्क टू’. १९७०च्या दशकाच्या अखेरीस मद्रासला त्याचे उत्पादन सुरू झाले. पुढे तो आफ्रिकेतही गेला. हापशाच्या पाण्याला लोखंडाचा वास येतो, डाळ शिजत नाही, अशा तक्रारी माझ्या दादीने मरेपर्यंत केल्या. तिला बारवेचेच पाणी गोड लागे. ते गोड होते, हे मी नाकारत नाही.

१९८३-८४ मध्ये राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. १९८४च्या मोजणीत देशात सुमारे ४०,००० रोगी निघाले, १२,०००हून अधिक गावांत. महाराष्ट्र, राजस्थान, मध्य प्रदेश, गुजरात, आंध्र आणि कर्नाटक ही मुख्य राज्ये. कामाची रीत साधी होती. वर्षातून दोन-तीनदा घरोघर जाऊन विचारायचे, नारू आहे का? असेल तर मलमपट्टी करायची आणि त्याला पाण्यात उतरू द्यायचे नाही. पाणी बारीक कापडाने गाळायला शिकवायचे. विहिरीत टेमेफॉस हे औषध दर लिटरला एक मिलिग्रॅम या बेताने टाकायचे, त्याने सायक्लॉप्स मरतो. आणि बारवेच्या पायऱ्या बंद करून तिचा आड करायचा, वर कठडा बांधून रहाट बसवायचा. राजस्थानात उदयपूर, डुंगरपूर, बांसवाडा या भागांत बायकांना हापसा दुरुस्त करायला शिकवले गेले. हातात पाना घेतलेल्या त्या बायकांची छायाचित्रे मी पाहिली आहेत. शेवटी शेवटी रोगी कळवणाऱ्याला बक्षीसही ठेवले होते. भारतातला शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्ये जोधपूर जिल्ह्यात सापडला. पुढे तीन वर्षे पाळत ठेवून फेब्रुवारी २०००मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचा दाखला दिला. देवीचे निर्मूलन झाले तेव्हा केवढा गाजावाजा झाला होता. नारूची बातमी आतल्या पानावर आली असेल.

कापडाने गाळण्याविषयी थोडे अधिक सांगतो. जैन घरांत पाणी गाळूनच घेतात, आमच्याकडेही माठाच्या तोंडाला मलमलीचा तुकडा बांधलेला असे. सायक्लॉप्स डोळ्यांना जेमतेम दिसणारा, त्यामुळे तो कापडात अडकतो, हे समजण्यासारखे आहे. पण पटकीचा जंतू कितीतरी लहान, तो कापडातून सहज जाईल. रिटा कॉलवेल आणि अन्वर हक या संशोधकांनी हे ताडले की पटकीचे जंतू पाण्यात मोकळे तर फिरतातच, पण सायक्लॉप्सच्या जातीच्या जीवांना मोठ्या संख्येने चिकटूनही राहतात. जीव अडकला की जंतूही अडकला. बांगलादेशात ६५ गावांत त्यांनी बायकांना साडीची घडी करून पाणी गाळायला शिकवले. २००३ साली निष्कर्ष आला. पटकीचे रोगी सुमारे ४८ टक्क्यांनी घटले. त्यातही नव्यापेक्षा जुनी साडी सरस, कारण धुऊन धुऊन धागे फुगतात आणि छिद्रे बारीक होतात. चार पदरी जुनेर! रिश्त्यावर उपाय शेवटी धाग्याचाच निघाला.

जगात १९८६ मध्ये नारूचे अंदाजे ३५ लाख रोगी होते. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या संस्थेने त्या वर्षापासून हे काम अंगावर घेतले. (मुंबईच्या कार्टरांशी त्यांचा संबंध नाही, नुसता आडनावाचा योग.) २०२३ साली साऱ्या जगात मिळून १४ माणसांना नारू झाला. पण २०१२पासून आफ्रिकेतल्या चाडमध्ये कुत्र्यांत नारू मोठ्या संख्येने दिसू लागला. मग गावकऱ्यांना कुत्री बांधून ठेवायला आणि माशांची आतडी पुरून टाकायला सांगितले गेले. कार्टर डिसेंबर २०२४ मध्ये गेले, तेव्हा शेवटचा नारू संपायचा राहिला होता.

आपल्याकडे आता बारवा साफ करण्याचे चांगले वारे आहे. तरुण मुले गाळ काढतात, महाशिवरात्रीला पणत्या लावतात. मीही एका ठिकाणी फावडे घेऊन गेलो होतो. तिथे पायऱ्यांच्या तोंडाशी सिमेंटची एक ओबडधोबड भिंत होती. मुले संतापली होती, इतकी सुंदर बारव कुणी विद्रूप केली म्हणून. मी त्यांना नारूची गोष्ट सांगितली. भिंत पाडायची की ठेवायची यावर अर्धा तास वाद झाला. बारवेचे पाणी आता कुणी पीत नाही, मग भिंत कशाला, हे त्यांचे म्हणणे बरोबरच होते. अखेरीस मधला भाग उतरायला मोकळा केला आणि दोन्ही कडांना दोन-दोन हात भिंत तशीच ठेवली. मग चहा आला.